सेवेकऱ्यांची पंगत

आंधळगावात जातपात कोणी पाळत नाही, असे आनंदरावांनी गिरणीच्या आवारात चुन्याची तिसरी ओळ मारता मारता सांगितले.

सरदार बिशनसिंग मोठे पातेले घासत बसले होते. त्यांचा हात थांबला.

"आनंदरावजी, तीन लायनी कायले?"

"ही पहिली सगळ्यांची," आनंदराव म्हणाले. "दुसरी भी सगळ्यांचीच. म्हणजे, दुसऱ्या सगळ्यांची."

"आन तिसरी?"

"तिकडे हवा चांगली येते."

तिसरी ओळ कोंड्याच्या ढिगाला लागून होती. तिकडून हवा आली की तिच्यासोबत कोंडाच यायचा.

गावातली एकुलती एक धानगिरणी बिशनसिंगांची होती. वीस वर्षांपूर्वी ते कोणाचे तरी इंजिन बसवायला म्हणून आले आणि ते नीट चालेपर्यंत थांबतो म्हणाले. इंजिन अजून नीट चालले नव्हते. रोज पहाटे आंघोळ, मग छोट्या पोथीतला पाठ, आणि पाठ संपल्याशिवाय पट्टा चढायचा नाही, हा त्यांचा क्रम होता. जो आधी आला त्याचे धान आधी, हा दुसरा नियम. मालगुजाराच्या घरचे पोते हमालाच्या पोत्यामागे उभे राहिलेले गावाने वीस वर्षे पाहिले आणि सोसले, कारण पुढची गिरणी चार कोसांवर होती.

दरवर्षी गुरू नानकांच्या जयंतीला बिशनसिंग आणि त्यांच्या पत्नी सतवंतकौर नागपूरच्या गुरुद्वाऱ्यात जात. यंदा महिनाभर आधी सतवंतकौर गिरणीच्या पायरीवरून घसरल्या आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. तेव्हा बिशनसिंगांनी ठरवले की लंगर इथेच करायचा. ते घरोघर हात जोडून फिरले. वरच्या आळीत गेले, कोष्टीपुऱ्यात गेले, बौद्ध मोहल्ल्यात गेले, आणि सगळीकडे एकच वाक्य बोलले. कोणी नाही म्हटले नाही. कार्तिक महिना होता, धान निघाले होते, आणि सगळ्यांची पोती गिरणीत होती.

पंगतीची व्यवस्था म्हटल्यावर आनंदरावांना बोलावणे हे ओघाने आलेच. लग्न असो की तेरवी, गावात पंगत बसवावी ती आनंदरावांनी. कोणाच्या शेजारी कोण चालत नाही आणि कोणाच्या आजोबांनी कोणाच्या हातचे पाणी सोडले होते, हे त्यांना तोंडपाठ होते. कागदावर एक रेघ न काढता ते दोनशे माणसे अशी बसवत, की एकाच्या पाण्याचा थेंब दुसऱ्याच्या पत्रावळीवर उडू नये. या कामाचा त्यांना अभिमान होता.

बिशनसिंग उठले, झाडू घेतला, आणि तिन्ही ओळी झाडून टाकल्या. मग आवाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी बांबूचे तट्टे अंथरले. एका रांगेत.

"लाईन एकच. जो येईल तो आधी बसलेल्याच्या बाजूले बसेल. एक भी मानूस अलग बसला तं हे लंगर नाही राहिलं. मंग ते नुसतं जेवन."

आनंदराव तट्ट्यांकडे बघत राहिले. अशी एकच रांग त्यांना नको होती, आणि त्याला कारण होते. दुसऱ्याच दिवशी, नेमक्या लंगरच्या दिवशी, करडीहून मधुकरराव यायचे होते. आनंदरावांच्या मुलीचे, रुखमाचे, त्यांच्या मुलाशी जुळत आले होते. फलदानाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख तेवढी काढायची होती. मधुकरराव पाळणारे होते. याआधीच्या एका चांगल्या स्थळाला त्यांनी नकार दिला होता, कारण मुलीच्या मामाने स्टेशनवर कोणाच्या तरी हातचा चहा प्याला होता. तो चहा त्याने अर्धाच प्याला होता, असे मामाकडचे लोक अजून सांगत फिरत होते.

न जावे तर सरदारजींचे मन मोडते, आणि पोत्यांचा नंबरही आहेच. जावे तर रुखमाचे लग्न मोडते.

"मंग सगळ्यांनीच बसायचं?" त्यांनी जपून विचारले.

"सगळ्यांनीच. सेवा करनारे तेवढे मागून बसते. आमच्यात वाढनाऱ्याचा मान मोठा, आनंदरावजी. बसून तं कोनी भी खाते."

'मागून' हा शब्द आनंदरावांनी ऐकला नाही असे नाही. पण तो काळ त्यांना फार लांबचा वाटला. वाढणारा माणूस बसत नाही, एवढे त्यांना पुरे होते.

"मंग डाळीची बादली माही," ते म्हणाले.

बिशनसिंगांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

दुसऱ्या दिवशी आनंदराव डोक्याला रुमाल बांधून वेळेआधीच गिरणीवर पोचले. फाटकाशी चपला काढताना त्यांना किराणा दुकानदार भैय्यालाल दिसला. त्याच्याही डोक्याला रुमाल होता आणि हातात पाण्याचा जग होता.

"तुमी भी?" आनंदरावांनी विचारले.

"सेवा आहे, आनंदराव. पुण्य लागते."

"हो. पुण्य तं लागते."

दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघायचे टाळले.

मागोमाग शाळेचे गुरुजी आले, त्यांना मिठाची वाटी मिळाली. पाटलांचे दोघे भाऊ आले, त्यांना पोळ्यांची टोपली एकच मिळाली, तेव्हा तिचा एकेक कान धरून ते उभे राहिले. दहा वाजेपर्यंत आवारात त्रेपन्न वाढपी जमले. लोणच्याच्या एका बरणीवर चौघांचा हक्क होता. बिशनसिंगांनी पाठ केला, अरदासची प्रार्थना केली, आणि डोळे उघडून पाहिले तर तट्टे या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामे होते आणि गाव भांडी घेऊन भिंतीला टेकून उभे होते.

"वाहेगुरू," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा हात जोडले. "नागपूरले भी इतके सेवादार नाही भेटत."

सेवादारांनी माना खाली घातल्या.

तेवढ्यात फाटकातून जागेश्वर आत आला. तो गिरणीतच हमाली करायचा. त्याच्यामागे बौद्ध मोहल्ल्यातली चाळीसेक माणसे होती, बायाबापड्या, धुतलेले कपडे. जागेश्वरने भिंतीकडे पाहिले, मग तट्ट्यांकडे पाहिले. समजायला त्याला फार वेळ लागला नाही.

"काय हो सरदारजी, आमच्या वाट्याले काही काम उरलं नाही वाटते."

"तू बस, जागेश्वर."

"बसतो तं. एवढे मोठे लोक उभे आहेत, कोणी तं बसलं पायजे."

आणि तो पहिल्या तट्ट्यावर मांडी घालून बसला. त्याच्यामागोमाग सगळे बसले.

आनंदराव बादली घेऊन जागेश्वरच्या पानासमोर आले. आजवर त्यांनी या मोहल्ल्याच्या ओळीत वाढले नव्हते असे नाही. पण ते वरून, कमरेइतक्या उंचीवरून, धार धरून. इथे पानावर द्रोण होता. वरून सोडली असती तर निम्मी डाळ तट्ट्यावर गेली असती, आणि मागे बिशनसिंग उभे होते.

"वाढा ना, आनंदराव. हात काहून थांबला?"

"गरम आहे."

"गरमच पायजे."

आनंदराव वाकले.

त्या दिवशी बाजार होता. बाजाराला आलेल्या माणसांना वास गेला आणि तीही येऊ लागली. त्यांना गावातले काही ठाऊक नव्हते, म्हणून ती जिथे जागा दिसेल तिथे बसत. पहिल्या पंगतीत आनंदरावांनी सवयीने अकरा चुका मोजल्या. दुसऱ्या पंगतीत कोंबड्या विकणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून एक जानवेवाले गृहस्थ खीर मागताना दिसले, आणि त्यांनी मोजणे सोडले. तोपर्यंत त्यांची कंबर भरून आली होती. सकाळपासून पोटात काही नव्हते. इवाई म्हणजे होणारे व्याही येणार म्हणून घरी त्यांच्या पत्नी गोदावरीबाईंनी वडे केले होते, आणि त्या वड्यांची त्यांना एकेका द्रोणागणिक आठवण येत होती.

तिसरी पंगत बसली तेव्हा फाटकात मधुकरराव उभे दिसले. धोतर, काळा कोट, काखेत छत्री. गोदावरीबाईंनी त्यांना सांगितले असणार की आनंदराव गिरणीवर गेले आहेत.

आनंदरावांनी पळी बादलीत सोडली. सांगायला काय काय आहे ते त्यांनी मनात जुळवून पाहिले, पण एकही वाक्य पूर्ण होईना.

मधुकररावांनी पंगतीवरून एकदा नजर फिरवली. कोण बसले आहे ते पाहिले. मग कोण उभे आहे ते पाहिले. करडीतल्या पंगतीही कोणीतरी बसवतच असणार. त्यांनी छत्री भिंतीला लावली, पंपशू काढले, खिशातला रुमाल डोक्याला बांधला आणि भैय्यालालच्या हातून पाण्याचा जग काढून घेतला.

"सेवा मले भी करू द्या," ते म्हणाले.

जवळून जाताना ते आनंदरावांच्या कानाशी हलकेच म्हणाले, "युक्ती चांगली आहे, इवाई."

ते पहिल्यांदाच इवाई म्हणाले होते. आनंदरावांना वाटले, लग्न झाल्यातच जमा आहे. आता एवढेच, की पंगत उठली रे उठली की निघायचे.

पंगत उठली. आनंदरावांनी बादली चुलीपाशी ठेवली, मधुकररावांना डोळ्याने खूण केली आणि ते फाटकाशी आले. तिथे चपला नव्हत्या. एकाही माणसाची नव्हती.

चपला आतल्या खोलीत होत्या. प्लास्टरचा पाय लाकडी खोक्यावर ठेवून सतवंतकौर स्टुलावर बसल्या होत्या आणि मांडीवर एकेक जोड घेऊन पुसत होत्या. उभे राहून काही करता येत नव्हते म्हणून ही सेवा त्यांनी स्वतःकडे ठेवली होती. पुसलेले जोड भिंतीशी एका रांगेत लावलेले होते. मधुकररावांच्या पंपशूंच्या एका बाजूला आनंदरावांच्या चपला होत्या आणि दुसऱ्या बाजूला जागेश्वरच्या टायरच्या.

"भाभीजी, माह्या चपला..." आनंदराव म्हणाले.

"तैयार हैं, भाऊजी. पहले लंगर छको. भूखे पेट जाओगे?" त्यांनी हातातल्या जोडाच्या तळाचे शेण काडीने खरवडले आणि फडक्याने पुसले. तो जोड भैय्यालालचा होता.

आनंदरावांनी उगाच डोक्यावरचा रुमाल सोडून पुन्हा बांधला आणि बाहेर आले.

बाहेर बिशनसिंग हात जोडून फाटकात उभे होते.

"आता माझे भाऊ बसतील," ते म्हणाले. "सकाळपासून उभे आहेत."

कोणी हलेना. गुरुजी म्हणाले की त्यांना चतुर्थी आहे. पौर्णिमा होती, हे त्यांच्या लगेच लक्षात आले आणि ते बसले. ते बसल्यावर भैय्यालालला बसावे लागले, आणि मग सगळी भिंत हळूहळू तट्ट्यावर उतरली. आनंदरावांना जागा ठरवायला वेळच मिळाला नाही. जो जिथे उभा होता तो तिथे बसला, आणि ते स्वतः शेवटी, मधुकररावांच्या पलीकडे.

पोळ्या बिशनसिंगांनी वाटल्या, एकेकाच्या ओंजळीत. मग डाळीची बादली जागेश्वरने उचलली. त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याने डोक्याला गमछा गुंडाळला, हात धुतले आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

जागेश्वर वाकत होता, वाढत होता, पुढे सरकत होता. त्याला कसलीही घाई नव्हती.

"बास, थोडीच," भैय्यालाल म्हणाला. जागेश्वरने थोडीच वाढली.

बादली मधुकररावांसमोर आली. मधुकररावांनी आनंदरावांकडे पाहिले. आनंदरावांनी स्वतःच्या द्रोणाकडे पाहिले. रुखमाचे लग्न त्या दोन नजरांच्या मधे कुठेतरी, पळीच्या टोकाला लोंबत होते. करडीहून निघाल्यापासून मधुकररावांनी पाण्याखेरीज काही घेतले नव्हते, आणि अख्ख्या पंगतीला त्यांनी पाणी पाजले होते. डाळीला लसणाची फोडणी होती.

मधुकररावांनी द्रोण पुढे सरकवला.

"खालची येऊ द्या," ते म्हणाले. "घट्ट."

जागेश्वरने खालची वाढली. मधुकरराव पोळी बुडवून खाऊ लागले आणि त्यांनी पुन्हा कोणाकडे पाहिले नाही.

आनंदरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्यांनी आपला द्रोण दोन्ही हातांनी उचलला, लागतो त्याहून थोडा वर, सगळ्या गावाला दिसेल असा, आणि जागेश्वरसमोर धरला.

जागेश्वरने पळी तळापर्यंत घातली, दोनदा खरवडली, आणि बादली तिरपी करून त्यांना आतून दाखवली.

डाळ संपली होती.