खिडकीतून धरलेली जागा

बँकॉकला जायचं ठरलं तेव्हा लातूरच्या नळांना पाणी येणं बंद झालं होतं आणि टँकर कधी येईल याचा नेम नव्हता. टँकर आला आणि नेमकं घरात कुणी नसलं तर काय, एवढ्या एका कारणापायी सासूबाई मागं राहिल्या आणि त्यांच्या जागी सासरे, म्हणजे अप्पा, आमच्याबरोबर आले. माझ्या नवऱ्याचं, बसवराजचं, ठिबकच्या नळ्यांचं दुकान. दुष्काळात नळ्या खूप खपल्या म्हणून कंपनीनं त्याला ही सहल दिली होती. दुकानदार मंडळी या सहलीला एकेकटी जातात आणि परत आल्यावर एकमेकांकडं बघून हसतात. मी म्हटलं, जायचं तर सगळे जाऊ, नाही तर कुणीच नाही. तो हट्ट आपण कशाला केला, असं मला तिथं पोचल्यापासून वाटत होतं.

कारण अप्पांना परदेश हा परदेश वाटतच नव्हता. उदगीरच्या मोंढ्यात अडत करण्यात त्यांचा जन्म गेलेला. मराठी जरा मोठ्यानं बोललं की जगात कुणालाही कळतं, अशी त्यांची खात्री. रस्त्यात कुठंही उभं राहून ते बसला हात दाखवायचे. बस निघून गेली की ड्रायव्हरला माणुसकी नाही म्हणायचे. समोरचा नुसता हसला तरी त्याला सांगायचे, "उदगीर. जिल्हा होऊन राहिलाय." आमच्या लग्नाच्या आधीपासून तो जिल्हा होऊनच राहिलाय. बसवराज मोबाइलमधला नकाशा उलटासुलटा फिरवत चालायचा. आणि मी तापाचं औषध, पाण्याची बाटली, टोपी हे सगळं सांभाळत चार वर्षांच्या रुद्राणीचं मनगट धरून. इतकं घट्ट, की ती म्हणायची, आई, हात सोड, दुखतोय.

मोकळ्या दिवशी अप्पांनी अयुथयाला जायचं काढलं. नावावरून आपलंच गाव दिसतंय, म्हणाले. पॅसेंजर गाडीनं गेलो, उन्हात पडकी देवळं बघितली, आणि परतीसाठी स्टेशनवर आलो तेव्हा फलाटावर माणसांचा आणि टोपल्यांचा नुसता लोंढा होता. आपली गाडी कोणत्या फलाटावर लागते ते विचारायला बसवराज गेला. रुद्राणीचं तोंड उन्हानं लाल झालेलं. मी म्हटलं, अप्पा, हिला धरा, मी रुमाल ओला करून आणते. नळ अगदी समोर होता. तेवढ्यात एक गाडी येऊन थांबली, गर्दी दारांकडं धावली, आणि मी वळून बघते तर रुद्राणीचे पाय खिडकीतून आत जात होते.

आपल्याकडं यात काही विशेष नाही. स्टँडवर गाडी लागली की कुणी खिडकीतून रुमाल टाकतं, कुणी टोपी, आणि रुमालाला कुणी जुमानत नाही म्हणून कुणी पोर टाकतं. विष्णुपुरीला कॉलेजात होते तेव्हा नांदेड-लातूर गाडीत अशी किती तरी पोरं मी स्वतः खिडकीतून आत ओढून घेतली आहेत. आतला माणूस पोराला घेतो, पोर हातपाय पसरून जागा धरतं, आणि पोराचे आईबाप चढल्याशिवाय कंडक्टर घंटी मारत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. थायलंडात कुणाला माहीत असणार?

अप्पा दाराशी पोचले, पण पुढं टोपल्या होत्या, भगव्या कपड्यातले भिक्षू होते. त्यांना सरकवून चढावं एवढ्यात गाडी हलली. मी पळाले. खिडकीत रुद्राणी दिसली, दोन्ही हात बाकावर पसरून बसलेली. माझ्याकडं बघून हसलीसुद्धा. मग फलाट संपला. माझ्यामागं अप्पा चालत होते आणि म्हणत होते, "कंडक्टर, ओ कंडक्टर, थांबवा की जरा."

बसवराज धावत आला. ती आपली गाडीच नव्हती. आपली समोरच्या फलाटावर येणार होती. ही बँकॉकहून येऊन वर उत्तरेला चालली होती.

स्टेशनमास्तरांना बसवराजचं इंग्रजी कळेना आणि त्यांचं त्याला. अप्पा मध्येच मोठ्यानं सांगायला लागले, लाल फ्रॉक आहे, रुद्राणी नाव, गोड पोरगी आहे. शेवटी मी हातानं तिची उंची दाखवली, खिडकी दाखवली, गेलेल्या गाडीकडं बोट केलं आणि रडायला लागले. रडणं त्यांना कळलं. त्यांनी फोन उचलला, बराच वेळ बोलले, मग नकाशावर पुढच्या स्टेशनावर बोट ठेवलं आणि आम्हाला बाहेर नेऊन एका रिक्षात बसवलं.

रिक्षात मी रुद्राणीची पाण्याची बाटली छातीशी धरून बसले. तिला उतरवलं असेल की नाही? की ती स्वतःच उतरून चालायला लागली असेल? आईचं नाव काय म्हणून त्यांनी विचारलं तरी तिला कळणार कसं? बसवराज माझा हात धरायला बघत होता, मी काढून घेतला. अप्पा पुढं बसले होते. मागं न बघता म्हणाले, शेजारी चांगली बाई बसलेली बघूनच ठेवली मी तिला. मला वाटलं, चालत्या रिक्षातून उडी मारावी.

ती होती. स्टेशनातल्या बाकावर, एका पिकल्या केसांच्या बाईच्या मांडीला टेकून, रागानं पाय आपटत. बाईची भाजीची टोपली खाली ठेवलेली. स्वतःची गाडी सोडून ती रुद्राणीला घेऊन उतरली होती. मी रुद्राणीला उचललं तर ती माझ्या कानात रडत ओरडली, "आई, मी जागा सोडली नव्हती. ह्या आजीनंच उचललं मला."

तेव्हा मी अप्पांकडं वळले. लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर मी आवाज चढवला नव्हता. तोंड उघडलं आणि आजूबाजूची माणसं बघून तशीच थांबले.

अप्पा खालच्या आवाजात म्हणाले, "बोल, उमा. इथं कुणाला कळून नाही राहिलं."

मग मी बोलले. खिडकीबद्दल बोलले, कंडक्टरबद्दल, हात दाखवूनही न थांबलेल्या बसांबद्दल. लातूरहून निघाल्यापासून मनात साठलेलं तेही सगळं बाहेर आलं. बसवराज दोनदा मध्ये पडला, त्याच्यावरही घसरले. बाईला काय समजलं कोण जाणे, पण कुणी पोर गाडीत टाकलं ते तिनं ओळखलं. ती उठली, कमरेवर हात ठेवून अप्पांसमोर उभी राहिली आणि तिच्या भाषेत सुरू झाली. माझा दम संपला की ती बोलायची, तिचा संपला की मी.

अप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघत, मान डोलवत ते म्हणत राहिले, "हाव. हाव, बाई. हाव."