सड्यावरचं पाणी

"तितं पाय ठेवू नको, दीपक! वरच्या बाजूनं ये," केरू ओरडला.

दीपक जागीच थबकला. वाडीमागच्या उतारावर भर पावसात केरू उकिडवा बसला होता आणि त्याचा उजवा हात मनगटापर्यंत जमिनीत गेला होता. सकाळी या भेगेत जेमतेम बोट जात होतं. आता अख्खा पंजा आत शिरला होता आणि आतून पाणी पळत असल्याचं बोटांना कळत होतं.

"पावसानं जराशी भेगाळली असंल, काका," दीपक म्हणाला.

"जमीन उन्हात भेगाळते. पावसात फाटते."

केरू उठला. मैलकुली म्हणून त्याची एकतीस वर्षं घाटात गेली होती. त्याच्या वाट्याला तीन किलोमीटर रस्ता होता. त्याची गटारं उपसायची, मोऱ्या मोकळ्या ठेवायच्या, पडलेला धोंडा बाजूला सारायचा. एवढ्या वर्षांत त्याच्या तुकड्यात एकदाही दरड आली नाही. त्याबद्दल त्याला कोणी कधी काही विचारलंही नाही. दरड आली असती, तर विचारलं असतं.

वाडीत एकोणीस घरं. बहुतेक घरांतले कर्ते पुरुष मुंबईला. घरांच्या मागे उतार आणि उतारावर सडा, उघडा कातळ. कातळात पाणी मुरत नाही. सगळं वाहत कडेला येतं. कडेच्या खाली शेडीचा, चिकट पांढऱ्या मातीचा थर, भिजला की साबणासारखा होणारा. म्हणून निवृत्त झाल्यावर केरूनं वाडीच्या मागे लागून सड्याच्या कडेनं लांबलचक चर खणून घेतला होता. सड्याचं पाणी त्यातून पूर्वेकडच्या पऱ्याला, ओढ्याला जायचं. दर मे महिन्यात तो एकटाच चर साफ करायचा.

यंदा मात्र वाडीतल्याच दीपकनं सड्यावरच्या आपल्या काजूच्या बागेकडे जेसीबीनं रस्ता काढला आणि चरावर पुरुषभर मातीचा भराव घातला. "पावसाच्या आधी पाईप टाकतो, काका," असं तो म्हणाला होता. तो लोटे गावच्या कंपनीत शिफ्टला जायचा. रजा काही जमली नाही, आणि पाईपही राहिला.

आता तीन दिवसांच्या पावसानं भरावामागे कमरेएवढं पाणी तुंबलं होतं, आणि ते हळूहळू भेगेत उतरत होतं.

पोलीस पाटील मनिषा धापा टाकत वर आली. "तहसीलला फोन लागला, काका. जेसीबी खालच्या रस्त्यावरची माती काढतोय. आज काय येत नाय."

"मानसं शाळेत हलव. गुरं सोडून दे. म्हातारी कुरकुरतील, ऐकू नको."

"आनि तुमी?"

"मी पानी हलवतो."

दीपकनं पहार उचलली होती. "भराव फोडू या. माजाच हाय."

"भिजलेली माती हाय ती. खाली उभा राहिलास तर तुलाच घेऊन बसंल." केरूनं पश्चिमेकडे हात केला. "तितं चराची कड फोडायची. खाली नुसता कातळ हाय. पानी मुरनार नाय, सरळ खाली खाचरांत उतरंल आनि तितून पऱ्याला."

दीपकनं खाली पाहिलं. ती पाच खाचरं केरूची होती. चारच दिवसांपूर्वी तिथली लावणी संपली होती.

केरू घरी आला तेव्हा त्याची बायको सोनूबाई गाठोडं बांधत होती. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. नोकरीच्या वर्षांत तो घाटात असायचा. उतारावरची ही खाचरं तिनंच उभी केली होती. डोक्यावरून माती वाहून, एकेक बांध रचून.

"पाची जातील?" तिनं विचारलं.

"पाची."

तिनं गाठोड्याची गाठ घट्ट आवळली.

"तुमाला डोंगर कळतो," ती म्हणाली, "खाचर मला कळतं. पानी तसंच मोकाट सोडू नका. मी बांद फोडून वाट करून देते. एका कडेनं गेलं तर खालची दोन राहतील. मी हात करीपर्यंत सोडायचं नाय."

आणि ती फावडं घेऊन निघाली. सड्यावरून केरूला ती दिसत होती. स्वतः लावलेल्या रोपांतून गुडघाभर चिखलात चालत ती एकेक बांध फोडत होती.

वर नऊ जणं जमली, त्यात सहा बायका. त्यांतल्या हिराला केरूनं एका बाजूला, भेगेवर नजर ठेवायला उभं केलं. तिच्या हातात ताट आणि पळी दिली. "माती हललेली दिसली की वाजव. कोनाची वाट बगू नको."

कडेचा जांभा दगड फोडणं सोपं नव्हतं. पहार आदळली की हात खांद्यापर्यंत झिणझिणत. दीपकच्या तळव्यांची सालं निघाली, पण तो पहार कोणाला देईना. दोन तास गेले, तिसरा संपत आला. हातभर कड उरली होती आणि ताट वाजलं.

सगळे वर कातळाकडे पळाले. खाली दीपकच्या गोठ्यामागचा मातीचा लपका सुटला आणि गोठ्याची भिंत आवाज न करता आडवी झाली. गुरं आधीच सोडली होती. मग सगळं पुन्हा थांबलं. नुसता पाऊस.

"चला आता खाली," मनिषा म्हणाली. "जेवढं व्हायचं तेवढं झालं."

"हातभर राहिलंय," केरू म्हणाला. त्यानं कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक दीपककडे दिलं. "दोर तानून धर. मी सांगितल्याबिगर सोडू नको."

"काका, मी उतरतो. चूक माजी हाय."

"चूक मागून बगू. तुज्या अंगात जोर हाय, दोर धरायला तूच पायजेस."

खाली सोनूबाईनं हात वर केला. केरू चरात उतरला. पाणी कमरेला ढकलत होतं. कडेचा उरलेला चिरा हलेना. त्यानं पहार फटीत घातली, पाय कातळाला टेकवले आणि सगळा भार टाकला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा चिरा निसटला आणि त्याच्यामागून पाणी असं सुटलं की केरूचे पाय उचलले गेले. दोर करकचला. दीपकनं त्याला ओढून वर घेतलं.

तांबडं पाणी कातळावरून उड्या घेत खाली गेलं, खाचरांत शिरलं आणि सोनूबाईनं काढून दिलेल्या वाटेनं पऱ्याकडे वळलं. तासाभरात तुंबलेलं पाणी घोट्याखाली आलं.

पाऊस आणखी चार दिवस पडला. केरू रोज सकाळी वर जाऊन भेग बघून यायचा. ती वाढली नाही. पाचव्या दिवशी माणसं घरी परतली. पाहणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "दरड नक्की कुठं कोसळली?"

"नाय कोसळली," मनिषा म्हणाली.

साहेबांनी गोठ्याचा फोटो काढला, खाचरांकडे पाहिलं. पाणी माणसांनीच सोडलेलं, त्यामुळं ते नुकसान पंचनाम्याच्या कुठल्या रकान्यात बसेना. ते गेल्यावर आपलं अंथरूण घेऊन चाललेली एक म्हातारी केरूसमोर थांबून कुरकुरली, "कायच झालं नाय, आनि पाच रात्री फरशीवर झोपवलीस रे मेल्या! पाट धरली माजी."

"शेक घ्या, आजी," केरू म्हणाला.

उघडीप मिळाली तेव्हा दीपक ट्रॅक्टरमधून सिमेंटचे मोठे पाईप घेऊन आला. चरावरचा भराव त्यानं आधी काढून टाकला, आणि केरूनं उतार बघून दिल्याशिवाय एकही पाईप बसवला नाही.

संध्याकाळी केरू खाचरांत उतरला. खालची दोन हिरवी होती. वरच्या तिन्हींवर ढोपरभर दगडगोटे पसरले होते. सोनूबाई मधोमध बसून घमेल्यात गोटे भरत होती.

"पुन्ना भात कदी धरंल?" त्यानं विचारलं.

"तीन वर्सं तरी जातील." तिनं मान वर केली नाही. "यंदा नाचनी टोचते, व्हईल तेवढी."

वर वाडीत कोणाच्या तरी घरी टीव्ही लागला होता. बांगडे तळल्याचा वास येत होता. कोणीतरी कोंबड्यांना खुराड्यात हाकत होतं. केरू क्षणभर तिकडे बघत उभा राहिला.

"उचला," सोनूबाई म्हणाली, "जड झालंय."

त्यानं घमेलं डोक्यावर घेतलं आणि बांधाकडे चालू लागला.