अधांतरी स्लॅब

पडद्यावर स्लॅब कसा देखणा बसला होता! चहूबाजूंनी तुळया, कोपऱ्यांत खांब, मध्ये राखाडी चौकोन. दृष्ट काढावी असा. आणि गणिताचं बटण दाबलं की संगणक पुन्हा तीच लाल ओळ काढायचा: रचना अस्थिर, वाचनालयाच्या स्लॅबला आधार नाही.

“डोळे फुटले का मेल्या तुझे?” ती पडद्यावर खेकसली. “चार तुळया दिल्यात ना तुला?”

इंजिनिअर म्हणून आजवर ती दुसऱ्यांचे मजले तपासत आली होती. हा वाचनालयाचा मजला पहिलाच, जो साहेबांनी तिच्या एकटीच्या हाती दिला होता. साइटवर आजच स्लॅब ओतायला फळ्या ठोकून तयार होत्या, आणि साहेब सकाळीच बजावून गेले होते, “जेवणाच्या सुट्टीपर्यंत गणित चालवून दाखव. नाहीतर काम टेकूकडे.”

टेकू म्हणजे शेजारच्या टेबलावरचे जुने इंजिनिअर. संगणकावरचं मॉडेल कुरकुरलं की त्याच्याखाली खोटा आधार सारायचा, ही त्यांची रीत. म्हणून हे नाव.

तिने खांबांचे पाय जखडले. जाडी पुन्हा भरली. गणितासाठी स्लॅबवर पाडलेल्या चौकटींची जाळी बारीक केली, मग जाडसर केली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

“कशाला जीव जाळतेस?” टेकू खुर्चीसकट सरकत आले. “मधोमध एक घट्ट आधार दे. बघ कसं गप्प बसतं.”

तिने दिला. लाल ओळ गेली. खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि सवयीने तिने आधारांवरचे भार उघडले. वाचनालयाचं सगळं वजन त्या एका खोट्या आधाराने पेललं होतं. खरोखरीच्या इमारतीत तिथे नुसती हवा होती, आणि हवेखाली मुलांच्या अभ्यासाची खोली.

तिने आधार पुसला. लाल ओळ परत आली.

“चाललं का?” दारात साहेब.

“चाललं होतं. मीच बंद पाडलं.”

“आता हे काय नवीन?”

“खोट्या आधारावर चाललं होतं, साहेब.”

“बरं. मी जेवून येतो, तोवर फाइल टेकूला देऊन टाक.”

तिचे कान तापले. उठली ती तडक खिडकीपाशी, नकाशे काढणाऱ्या धाकट्या नणंदेकडे. चिडली की ती नणंदेला अहोजाहो करायची.

“वन्सं, तुमचा स्लॅब माझं डोकं खातोय.”

“आला का माझा नंबर?” नणंदेने मान न वळवताच सूर लावला,
“भावजय गुणाची बाई, हिच्या कामाला गं तोड नाही,
खोट निघे जिथे जिथे, नणंद तिथे उभी राही!”

“गाणी पुरे. काय केलंत वाचनालयाला?”

“तूच म्हणालीस, खोली बदलली, स्लॅब नव्याने काढ, तुळयांना भिडव. भिडवला! चल, दाखवते.” तिने येऊन पडद्यावर बोट टेकवलं. “केसाएवढी तरी फट आहे का?”

“तुळईच्या कडेला भिडवलास?”

“मग कुठे भिडवू? तुझ्या डोक्याला?”

भावजय हसली नाही. तिने तुळयांची जाडी दाखवणारं बटण बंद केलं. भरीव तुळया विरघळल्या, उरल्या बारीक रेघा. संगणकाच्या लेखी तुळई म्हणजे तिच्या मधोमध धावणारी रेघच. त्या चार रेघांच्या आत स्लॅब एकटा तरंगत होता, कुणालाच न शिवता. दोरी न बांधलेली झोळी जशी.

“अगं बाई,” नणंद हळूच म्हणाली.

“मीच नीट सांगायला हवं होतं. रेघेला भिडव म्हणून.”

दोघींनी चारही कडा ओढून रेघांवर आणल्या. बटण दाबलं. लाल ओळ आली नाही. आला तो खरा आकडा: स्लॅब मधोमध नियमात बसतं त्यापेक्षा जास्त वाकत होता.

“हे काय आता!” नणंदेने कपाळावर हात मारला.

जेवून येणाऱ्या साहेबांना तिने जिन्यातच गाठलं. “चाललं. फाइल दिली नाही मी. पण स्लॅब वाकतोय, जाडी वाढवावी लागेल. आज ओतायचा नाही.”

साहेबांनी पडद्यासमोर उभ्याउभ्या सगळं पाहिलं, उसासा टाकला आणि ठेकेदाराला फोन लावला. पलीकडचा आरडाओरडा टेकूंच्या टेबलापर्यंत ऐकू आला. साहेबांनी फोन कानापासून लांब धरला, मग तिच्या हातात दिला.

“घे. मजला तुझा, तर शिव्याही तूच खा.”