दोनशे चौदाव्या पानावरची सवत

शास्त्रज्ञबाई दोनशे चौदाव्या पानावर वारल्या. त्यांना मारलं ते लेखकाच्या बायकोनं, रविवारी दुपारी, जेवणाची भांडी घासून झाल्यावर. पण असं काही घडलंच नाही असं समजून आपण पुढे जाऊ, कारण लेखकानंही तेच केलं.

लेखक म्हणजे फ्रिज दुरुस्त करणारा माणूस. तीस वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरांत फ्रिजच्या मागे उकिडवं बसून त्यानं विचार केला होता आणि त्यातून त्याला आयुष्याचा अर्थ लागला होता. फ्रिजचं कपाट म्हणजे देह. आत फिरणारा गॅस म्हणजे आत्मा. कपाट गंजतं, गॅसला त्याचं काही नसतं. थंडी नावाची वस्तूच जगात नाही, उष्णता नसली की आपण तिला थंडी म्हणतो, मायेचंही तसंच. हे सगळं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, बरोबर आहे हो, पण दूध नासतंय. तेव्हा त्यानं कादंबरी लिहायला घेतली.

गेली अकरा वर्षं तो रोज सकाळी कामावर निघण्याआधी दुरुस्तीच्या फॉर्मांच्या कोऱ्या पाठीवर लिहीत होता. अक्षर असं, की त्याचं त्यालाही लागायचं नाही. ते वाचू शकणारी जगात एकच व्यक्ती होती, त्याची बायको; त्यामुळे टाइपही तीच करायची. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आवक विभागात होती. येईल त्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा, वहीत नोंदवायचा. तिला सगळे आवकबाई म्हणत. शेजारच्या टेबलावर बाहेर जाणाऱ्या कागदांना नंबर देणारी जावकबाई बसे.

कादंबरीचा नायक फ्रिज दुरुस्त करणारा होता. हे आवकबाईनं चालवून घेतलं. तो एका प्रयोगशाळेत डीप फ्रीझर दुरुस्त करायला जातो आणि तिथं त्याला एक शास्त्रज्ञबाई भेटते, इथपर्यंतही ठीक होतं. पण फ्रीझर सतराव्या पानावर दुरुस्त झाला तरी हा माणूस तिथून हलेना. पुढची जवळजवळ दोनशे पानं दोघं बोलतच होते. चैतन्य येतं कुठून, काळ एकाच दिशेनं का जातो, मी म्हणजे नक्की कोण. आणि दर दोन पानांनी तो तिला विचारायचा, "तुम्हाला काय वाटतं?"

हे वाक्य आवकबाईनं एकशे सहा वेळा टाइप केलं होतं. घरात तिच्या वाट्याला दुसरी वाक्यं यायची. "टॉवेल कुठाय?" "अगं, पंखा बारीक कर." "कागद संपले, आण."

"दिसायला कशीय?" जावकबाईनं एकदा डबा खाताना विचारलं.

"दिलेलं नाही. डोळ्यांत जिज्ञासा आहे, एवढंच."

"म्हणजे चांगलीच असणार. वय?"

"बत्तीस."

"बत्तीसच?"

"अकरा वर्षं झाली, बत्तीसच आहे. टाइप करायला बसले तेव्हा मी एक्केचाळीसची होते."

जावकबाईनं डब्याचं झाकण लावलं. "माझ्या दिराचं लफडं निदान खऱ्या बाईशी होतं. माझी जाऊ तिच्या दारात जाऊन भांडून तरी आली. तुझं अवघड आहे बाई."

"हिला दारच नाही."

"पण टाइप कोण करतं?" जावकबाई म्हणाली आणि हात धुवायला गेली.

आवकबाई सरळ बाई होती. नोकरीच्या बावीस वर्षांत तिनं कुणाच्या अर्जातली मात्रासुद्धा हलवली नव्हती. पण त्या संध्याकाळी तिनं शास्त्रज्ञबाईला सर्दी केली. दुसऱ्या दिवशी तिला घोरायला लावलं. तेवढ्यानं भागेना, तेव्हा तिनं स्वतःच्या डाव्या तळपायाचं जुनं कुरूप तिला देऊन टाकलं. दोघीही आता लंगडत चालू लागल्या.

चार दिवसांनी नवरा टाइप केलेली पानं वाचता वाचता थांबला.

"अगं, ऐक हे. एवढा मेंदू, आणि पाय टेकवताना ओठ चावते. कुरूप आहे पायाला. हे मी कधी लिहिलं?"

"मार्चमध्ये," आवकबाई म्हणाली.

"काय लिहितो मी," तो हळूच म्हणाला. "आत्तापर्यंत नुसती हुशार होती. आता बाई वाटायला लागली."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एका दमात तीन पानं लिहिली. त्यात नायक कोमट पाण्याची बादली आणतो, शास्त्रज्ञबाईचा पाय आपल्या हातानं पाण्यात ठेवतो आणि वेदना देहाला होते की जाणिवेला यावर दोघांचं बोलणं होतं. मध्ये चार वेळा तो तिला "दुखतंय का?" असं विचारतो. आवकबाईनं ती तीन पानं एकही चूक न करता टाइप केली. टाइप करताना डावी चप्पल तिनं काढून ठेवली होती, कारण सकाळपासून पाय ठणकत होता.

पुढचा रविवार आला. भांडी घासून झाली. नवरा कुणाचा तरी फ्रिज बघायला गेला होता. माणसाला कसं मारतात हे आवकबाईला ठाऊक नव्हतं आणि मरण कसं लिहितात हेही ठाऊक नव्हतं. तिला लिहायची एकच भाषा येत होती. तिनं लिहिलं, "सदर शास्त्रज्ञ महिला आज रोजी सकाळी मयत झाल्या. त्यांचेकडील सर्व प्रश्न अनिर्णित राहिले आहेत. माहितीसाठी सविनय सादर." मग तिनं हात धुतले.

सोमवारी त्यानं ते पान वाचलं आणि चष्मा काढला.

"इतकं कोरडं," तो म्हणाला. "खरं दुःख असंच कोरडं असतं. कुठून आलं हे माझ्यात?"

त्यानं जेवण नको म्हणून सांगितलं. मंगळवारी तो कामावर गेला नाही, बुधवारीही नाही. गिऱ्हाइकांचे फोन आवकबाईनं घेतले. यांच्याकडे जरा वाईट झालंय, असं तिनं एका बाईंना सांगितलं.

"अगंबाई. कोण गेलं?"

"यांच्या ओळखीच्या होत्या," आवकबाई म्हणाली.

तो खिडकीशी बसून होता, डोळे लाल. आवकबाईनं ते डोळे दारातून पाहिले. सहा वर्षांपूर्वी तिचं गर्भाशय काढलं होतं, तेव्हा तो दवाखान्यात आला होता. तिच्या खोलीबाहेरचा औषधांचा फ्रिज आवाज करत होता. तो त्यानं तपासून दिला होता.

गुरुवारी सकाळी मात्र तो अंघोळ करून टवटवीत होऊन लिहायला बसला आणि दुपारपर्यंत उठलाच नाही. संध्याकाळी नवा गठ्ठा आवकबाईच्या हातात आला. पहिल्याच पानावर ती थांबली.

"अहो, ही परत आली?"

"येणारच. ऊर्जा नष्ट होत नाही आणि आत्माही होत नाही. दोन्हीकडून पक्कं आहे. गॅस तोच, कपाट नवं."

"वय?"

"चोवीस."

"मागच्या खेपेला बत्तीस होतं."

"नवं मॉडेल आहे," तो म्हणाला. "आणि मागचं सगळं आठवतं तिला. बादलीसुद्धा."

आवकबाईनं मनात हिशेब केला. पुन्हा मारली तर सोळाची होऊन येईल. आणखी तीनदा मारली तर पाळण्यात जाईल, पण बोलायची थांबणार नाही. ज्या कादंबरीत मेलेलं माणूस मरतच नाही, तिथं सवतीचं करायचं काय?

"आणि त्याची बायको?" तिनं विचारलं.

"कुणाची?"

"तुमच्या त्या नायकाची. चौथ्या पानावर आहे, 'त्याला बायको होती.' मीच टाइप केलंय. पुढे काय झालं तिचं?"

तो खरोखरच विचारात पडला. "काही नाही झालं."

"मेली?"

"छे."

"सोडून गेली?"

"कुठं जाईल? आहे की."

"करते काय?"

"काही करत नाही. नुसती आहे." आणि अचानक त्याचा चेहरा उजळला. "अगं, नुसतं असणं! गुण नाहीत, रूप नाही, जन्म नाही, मरण नाही. अख्खी कादंबरी जिथं पोचायला धडपडतेय, तिथं ही बाई चौथ्या पानावरच जाऊन बसलीय. सगळ्यांत वरची अवस्था तिचीच."

"मग लिहा की तिच्यावर."

"तीच तर गंमत आहे. तिच्याबद्दल काही बोलताच येत नाही. बोललं की ती खाली येणार." तो समाधानानं मागे टेकला. "तू ही चोवीसवाली घे आधी. उद्यापर्यंत होईल का?"

क्षणभर आवकबाईला त्या चोवीसवालीबद्दल काहीच वाटलं नाही. मग वाटलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं कचेरीत एक कागद टाइप केला, त्यावर स्वतःच आवक शिक्का मारला, नंबर घातला आणि जावकबाईच्या टेबलावर ठेवला.

"कुणाच्या नावे?" जावकबाईनं विचारलं.

"सक्षम प्राधिकारी."

"कुठले?"

"ते मला माहीत नाही. असेल कुणीतरी."

"माझ्या वहीत पत्त्याचा रकाना आहे."

"मोकळा सोड."

जावकबाईनं कागद वाचला, पुन्हा एकदा वाचला. रकाना मोकळा सोडून तिनं नंबर टाकला, आणि पाणी कमी दाबानं येतं अशा तक्रारींच्या गठ्ठ्यात तो कागद नीट मध्यभागी बांधला.

"विषय : पृष्ठ क्र. ४ वरील महिलेच्या अवस्थेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सदर महिला पृष्ठ क्र. ४ पासून आजतागायत सलग अस्तित्वात आहे. तिला प्राप्त झालेली सर्वोच्च अवस्था तिने कधीही मागितलेली नव्हती व त्याकरिता तिचा कोणताही अर्ज अभिलेखात आढळून येत नाही. तरी सदर अवस्थेतून तिला मुक्त करण्यात यावे. नायकाच्या समोर एक खुर्ची ठेवण्यात यावी व नायकाने तिच्याशी अर्धा तास बोलावे. विषय कोणताही चालेल, तिला सर्व विषय टाइप करून माहीत आहेत. चोवीस वर्षीय महिलेने तेवढा वेळ खोलीबाहेर थांबावे, असे आदेश व्हावेत, ही विनंती."