टेकडीवर बसलेला

येसूबाईनं पांढरा फेटा मांडीवर उलगडला आणि एक टोक नातीच्या हातात दिलं.

“धर. आन् ती जपानातली लढाई सांग. तेरा दिस रडणं ऐकून कान किटलं.”

सई शिरवळच्या कारखान्यात जपानी साहेबांची दुभाषी. फेट्याच्या चुण्या घालता घालता ती सांगू लागली. चारशे वर्षांपूर्वी तिकडं जपानात मोठा धनी मेला, तेव्हा वारस पाच वर्षांचा. लेकराला सांभाळायच्या शपथा ज्यांनी घेतल्या, पुढं त्यांच्यातच जुंपली. सकाळचं दाट धुकं, दोन फौजा समोरासमोर, आणि बाजूच्या टेकडीवर हजारो माणसं घेऊन एक कोवळा सरदार नुसता बसलेला.

“कुणाकडचा?”

“दोघांनाही वाटायचं, आपलाच.”

येसूबाईचा हात थांबला. बाहेर मांडवात नवऱ्याच्या तेराव्याचे पाहुणे जमले होते. पोरांचा मामा ज्याच्या डोक्याला फेटा बांधील, तोच कोईमतूरच्या सोनं गाळायच्या दुकानाचा कर्ता. थोरला लेक अर्जुना, सईचा बाप, सहा वर्षांमागं गेला. दुकान त्यानंच उभं केलेलं. उरले मानसिंग आणि धुळा. कालपासून दोघंही वेगवेगळे येऊन पायाशी बसून गेले. सईचं मीच बघीन, अशी दोघांनीही आण घेतली. दोघांनाही ती ‘बघू’ म्हणाली, आणि दोघांनीही त्याचा होकार धरला.

“मग?”

“दुपारी उतरला, आणि ज्यांच्या फौजेतून आला होता, त्यांच्यावरच तुटून पडला. तिथंच लढाई संपली.”

“तवर काय शेंगा सोलत बसलावता?”

“म्हणतात, दुसऱ्या बाजूनं त्याच्या दिशेनं बंदुका झाडल्या, तेव्हा कुठं उठला.”

“आन् ते लेकरू?”

“दोन्हीकडचे त्याच्याच नावानं लढत होते, आज्जी.”

“ते न्हाई इचारलं. त्याचं काय झालं?”

सईनं एक चुणी पुन्हा नीट केली. “पंधरा वर्षांनी जिंकलेल्यानंच त्याच्या किल्ल्याला वेढा घातला. किल्ला पेटला. तो आतच मेला.”

दारात तिचा भाऊ सोपान आला. मागोमाग दोन्ही लेक.

“आक्का, येळ टळतीया. कुणाला बांधू, एकदाचं सांग.”

“सांग की आये,” मानसिंग म्हणाला.

“तिनं मला कवाच सांगितलंय,” धुळा म्हणाला.

“तुला? गप रं! मला सांगितलंय.”

“दोघांस्नी बी म्या बघू म्हणलंवतं,” येसूबाई म्हणाली. “बघितलं. सोपान, पाट एकच मांड.”

दोघं भाऊ एकमेकांकडं बघत मांडवात गेले. गुडघ्यावर हात टेकून येसूबाई उठली. फेट्याचं दुसरं टोक अजून सईकडंच होतं. ते देण्यासाठी सईनं बोटं उघडली.

“सोडू नगंस,” येसूबाई म्हणाली. “आन् केस वर बांध, फेटा नीट बसंल.”