हॉर्न ओळखा

एकोणऐंशी सालच्या थंडीत भंडाऱ्याच्या कार क्लबात गाड्या होत्या अकरा. मालकांच्या बायकांना हक्कानं पुढच्या सीटवर बसायला मिळे ते वर्षातून एकदा, स्नेहमेळाव्याच्या दिवशी. यंदा मेळावा आंबागडच्या पायथ्याशी आमराईत ठरला होता. खेळ ठरवायचं काम दोघींकडे आलं. एक निर्मलाबाई, क्लबचे सेक्रेटरी भय्याजी यांची बायको. दुसरी मंदाबाई, यादोरावांची.

निर्मलाबाईंच्या ओसरीवर चहा झाला, चिवडा झाला, कागद मात्र कोराच होता.

"चमचा-लिंबू लिही," निर्मलाबाई म्हणाल्या. "आणि हळू गाडी चालवायची शर्यत. आमचे हे पहिले येतील. गाडी ढकलल्याबिगर चालतच नाई त्यायची."

"अन् उखाणे?"

"ते सगळ्यायले पाठ हायेत. नवीन सांग काही."

मंदाबाईंनी पेन्सिल उचलली. ही गोष्ट त्यांच्या मनात आठ दिवसांपासून होती, पण आत्ताच सुचल्यासारखं त्या म्हणाल्या, "बायकांचे डोळे बांधायचे. गाड्या झाडांमागं उभ्या करायच्या. एकेक हॉर्न वाजंल. गाडी कोणाची ते सांगायचं."

"आपल्याच नवऱ्याची?"

"कोणाचीबी."

निर्मलाबाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "कोणाचीबी कायले?"

"मजा येते जास्त," मंदाबाई म्हणाल्या, आणि लिहून टाकलं.

मजेसाठी ते नव्हतं. दर गुरुवारी यादोराव तुमसरला कामासाठी म्हणून अँबेसेडर काढत. तुमसरच्या रस्त्याची धूळ तांबूस. आणि गुरुवारी संध्याकाळी गाडीतल्या पायाखालच्या चटईवर मंदाबाईंना सापडे ती रेती, पांढरी, बारीक, वैनगंगेची. चटई झटकताना ती उन्हात चमके. त्या झटकत, पुन्हा झटकत, आणि मनात आपोआप ओवी जुळून येई:

गाडीच्या चाकाले गं रेती कोणत्या नदीची
पुसली पुसली तरी रेघ राहे गं शंकेची

मग शेजारच्या पार्वताबाई सहज बोलून गेल्या, की गुरुवारी यादोरावांची गाडी नदीपलीकडे, कारध्यात दिसली. कारध्यात क्लबातलं घर एकच होतं, ढोरांचे डॉक्टर जागेश्वर यांचं. आणि डॉक्टर गुरुवारी घरी नसत, गावोगाव ढोरं तपासत फिरत. घरी असत त्या मंगलाबाई. उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या की समोरच्याच्या डोळ्यांत पाहणाऱ्या.

मंदाबाईंनी नवऱ्याला विचारलं नाही. विचारलं तर तो उत्तर देणार, आणि उत्तर खरं की खोटं हे पुन्हा आपल्यालाच ठरवावं लागणार. कान मात्र खोटं बोलणार नाही. ज्या बाईच्या दारात एखादी गाडी दर आठवड्याला थांबते, तिच्या ओठांवर त्या हॉर्नसरशी नाव येणारच.

मेळाव्याच्या दिवशी भरीत झालं, वडे झाले, हळू गाडीत भय्याजी खरंच पहिले आले. मग बायका सतरंजीवर ओळीनं बसल्या. पुरुषांचे दुपट्टे त्यांच्या डोळ्यांवर बांधले गेले. मंगलाबाईंच्या डोळ्यांवरची गाठ मंदाबाईंनी स्वतः मारली, घट्ट, आणि मग बाजूला उभ्या राहिल्या. खेळ त्यांनी आखला होता, तेव्हा आधी पाहणं त्यांच्याकडे होतं.

पहिली पाळी मंगलाबाईंची. हॉर्नचा क्रम चिठ्ठ्यांवर होता, आणि यादोरावांची चिठ्ठी मंदाबाईंनी पहिलीच ठेवली होती. झाडामागून हॉर्न आला, एक लांब, दोन आखूड.

"यादोरावांची," मंगलाबाई म्हणाल्या.

क्षणाचाही वेळ लागला नाही. बायका हसल्या. मंदाबाईंच्या कानात ऊन शिरल्यासारखं झालं.

दुसरा हॉर्न झाला. "भय्याजींची. बॅटरी उतरली वाटते."

तिसरा. "वकीलसाहेब."

चौथा, पाचवा. मंगलाबाई एकेक नाव सांगत गेल्या, शाळेत हजेरी घेतल्यासारख्या. नवव्या गाडीला निर्मलाबाईंनी दुपट्टाच वर सरकवला. "हे काय गं बाई? साऱ्या गावचे नवरे तुले ओळखू येतात?"

"घर पुलाच्या तोंडाशी हाय माझं," मंगलाबाई म्हणाल्या. "जुना पूल, एकच गाडी मावते. चढायच्या आधी जो तो हॉर्न देते. दिवसभर तेच ऐकतो मी. सैपाक करता करता."

सगळ्या पुन्हा हसल्या. मंदाबाईंना ते आधीच उमगायला हवं होतं. त्या स्वतः त्या पुलावरून किती वेळा गेल्या होत्या.

"आता तू बस," निर्मलाबाईंनी त्यांना खाली ओढलं. "खेळ काढणारीनंबी खेळलं पाहिजे."

दुपट्ट्याखाली अंधार, त्याला घामाचा नि तंबाखूचा वास. भय्याजींनी चिठ्ठ्या पिसल्या. हॉर्न वाजत गेले. चार चुकले, तीन बरोबर आले. मग एक हॉर्न आला, एक लांब, दोन आखूड. मघाशी ऐकलेला. पण मघाशी त्यांनी हॉर्न ऐकलाच नव्हता, मंगलाबाईंचे ओठ पाहिले होते.

"वकीलसाहेब," त्या म्हणाल्या.

कोणीतरी हसलं, आणि मग सगळेच. "घ्या यादोराव," भय्याजी ओरडले, "घरचंच माणूस ओळखेना."

यादोराव कधी दारात हॉर्न वाजवत नसत. फाटक स्वतः उघडून गाडी आत घेत. अकरा वर्षांत मंदाबाईंनी तो हॉर्न ऐकला होता तो गाडीत बसून, दुरून कधीच नाही.

दुपट्टा सोडायला आल्या त्या मंगलाबाई. गाठ सैल करत त्या हळू आवाजात बोलल्या. "गाठ मारली तवाच समजलं मले. विचारायचं होतं त सरळ विचारायचं, बाई. इतका खेळ कायले मांडला?"

मंदाबाईंनी विचारलं, "गुरुवारी येतात का?"

"येतात. पूल उतरून डाव्या हाताले घाटाखाली गाडी लावतात. चपला काढून रेतीवर बसतात. घंटाभर."

"कोणासंगं?"

"एकटेच. आमच्या डॉक्टरांनी एकदा लवकर परतून घरी बोलावलं, त म्हणाले, नको, इथंच बरं वाटते."

खोटं असेल का हे? मंदाबाईंनी मंगलाबाईंच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं काही सापडलं नाही, आणि न सापडल्याचा आनंदही झाला नाही. बाई असती तर भांडता आलं असतं. घर सोडून दर आठवड्याला रेतीपाशी जाऊन बसणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं?

तेवढ्यात यादोराव झाडांतून आले, किल्ली बोटात फिरवत. चेहरा हसरा, पण डोळे नाही.

"मले वकील करून टाकलं तुनं," ते म्हणाले. "पुढचा खेळ कोणता?"

"येत्या गुरुवारी मीबी येतो नदीवर," मंदाबाई म्हणाल्या.

किल्ली थांबली. यादोरावांनी आधी मंगलाबाईंकडे पाहिलं, मग बायकोकडे. ते आधीचं पाहणं मंदाबाईंनी पाहिलं, आणि आत कुठंतरी ठेवून दिलं.

"तिथं काही नाही," ते म्हणाले. "नुसती रेती. दुपारी पाय भाजते."

"भाजू द्या."

त्यांनी किल्ली खिशात टाकली. मग म्हणाले, "जेवून निघू. दोन वाजता."