फेसावरच्या चिमण्या

आमच्या छापखान्यात एक रिवाज होता. कुठलंही काम मशीनवर चढायच्या आधी त्याचा नमुन्याचा कागद, म्हणजे प्रूफ, माझ्या टेबलावर यायचं. मी ते खिडकीच्या उजेडात धरायची, उलटंसुलटं करून बघायची आणि रंग मनाला पटला की कोपऱ्यात एक चिमणी काढायची. गोल पोट, टोकदार चोच, काड्यांसारखे दोन पाय. चिमणी बसली की काम पास. जुनी गिऱ्हाइकं फोनवर विचारायची, “बसली का हो चिमणी?”

सही का नाही, तर माझी शाळा दुसरीतच सुटली. सही करायला गेले की अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडतात. छापखाना नवीन होता तेव्हा नवरा म्हणाला, “तुला जे येतं ते काढ, मालकीण तूच आहेस.” मला चिमणी यायची. नवरा गेला, मुलानं मशीन बदललं, चिमणी राहिली. लाल म्हणजे किती लाल हे मला कुणी शिकवावं लागलं नाही, आणि हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत आले.

मग सूनबाई आली. चित्रकलेच्या कॉलेजात शिकलेली. तिच्याबरोबर कॉम्प्युटर आला, त्यातलं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर आलं, आणि एक काळी पाटी आणि पेन आलं. पेन म्हणे. त्यात शाई नाही, खाली कागद नाही. पाटीवर फिरवायचं आणि रेघ उमटणार समोरच्या पडद्यावर. मी त्याला काडी म्हणायची. पण त्या काडीनं ती जे काढायची ते चांगलं असायचं. तिनं काढलेल्या फळाला हात लावून बघावंसं वाटायचं. चांगलं आहे म्हणाले असते तर माझी जीभ झिजली नसती. म्हणाले नाही.

हा साबणवाला तिनं आणलेलं गिऱ्हाईक होतं, तिचं पहिलंच. एरवी सगळी गिऱ्हाइकं नवऱ्याच्या वेळची, नाहीतर मुलाच्या ओळखीची. साबणाच्या खोक्यावर तिनं एक टब काढला होता, त्यात पांढराशुभ्र फेस, आणि बाजूला लिंबाची फोड. आठवडाभर ती त्या फेसाच्या मागे होती. एकेक बुडबुडा. सकाळी प्रूफ माझ्याकडे आलं, मी चिमणी काढली. मग तीच म्हणाली, “आई, लिंबाच्या कडेचा पिवळा जरा हलका करते, आता थोडा भडक वाटतोय.”

“कर. पण एवढ्याशासाठी पुन्हा प्रूफ काढत बसू नकोस, कागद काय फुकट येतो?” हे मीच म्हणाले.

ती काडी हातात घेऊन बसली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “लांबच्या गिऱ्हाइकांना आता प्रूफ फोनवरच पाठवावं लागतं. तुमची चिमणी या पेननं एकदा काढून ठेवाल का? मी दाखवते ना, सोपं आहे.”

मुलगा तिथेच होता. मशीन चालवणारे मास्तरही होते, माझ्या नवऱ्याच्या वेळेपासूनचे. दोघांच्या देखत म्हणजे मला फारच झोंबलं.

“काडी कशी धरायची ते तू मला शिकवणार? तुझा नवरा इथे शाईच्या डब्यांमध्ये रांगायचा तेव्हापासून मी या टेबलावर आहे.”

मास्तर हसले. मुलगा हसला. ती नाही हसली. “बरं,” म्हणाली आणि पडद्याकडे वळली.

दुपारी सगळे वरच्या मजल्यावर जेवायला गेले. आमचं घर छापखान्याच्या वरच आहे. मी म्हटलं, मला भूक नाही. भूक होती. पण मला ती काडी एकदा हातात धरून बघायची होती, कुणी बघत नसताना. जमली असती तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सहज उचलून चिमणी काढली असती आणि वर म्हटलं असतं, यात शिकण्यासारखं होतं काय.

सूनबाईचा पडदा बंद होता. जागेवरून उठताना पडदा बंद करायचा, हा माझाच नियम. तिला मी तो पहिल्या महिन्यातच घातला होता, विजेवरून बोलून बोलून. ती बिचारी बटण दाबूनच उठायची. बंद व्हायचा तो फक्त पडदा, खालचा डबा चालूच असायचा, हे मला कुठे माहीत. काळं म्हणजे मेलेलं, एवढंच माझं ज्ञान. तरी मी तिच्या खुर्चीत बसले. वाटलं, पाटीवर काहीतरी उमटेल.

काडी हलकी होती. आधी हळू फिरवली. पोट, चोच, पाय. पाटी कोरडीच. दाबून फिरवली. कोरडी. पुन्हा एक काढली, मोठी. मग मला राग आला. सूनबाईच्या हातात नाचते आणि माझ्या हातात या काडीला काय होतं? चौथीचं पोट काढून झालं आणि जिन्यावर पावलं वाजली. मी काडी होती तशी उभी करून ठेवली, माझ्या खुर्चीत येऊन बसले आणि चष्मा पुसायला घेतला. मनातून बरंही वाटत होतं, कारण सगळं थोतांड आहे याची आता माझी खात्री झाली होती.

ती आली, पडदा लावला, लिंबाची कड हलकी केली आणि काम मशीनकडे पाठवलं.

छापून झालेला पहिला गठ्ठा बघायला साबणवाला स्वतः आला. उंच, नीटनेटका माणूस, बोलणं मऊ. त्यानं वरचं खोकं उचललं, दूर धरलं, जवळ धरलं, आणि मग बोट ठेवून म्हणाला, “हे काय आहे?”

फेसावर पिवळे डाग होते. वाकडेतिकडे, बारीक. मुलानं खोकं घेतलं. लिंबू उठून दिसावं म्हणून छापताना त्यानं पिवळी शाई जरा चढवली होती. पडद्यावर जे फिकट पांढऱ्यात मिसळून गेलं होतं, ते पुठ्ठ्यावर उघडं पडलं. सूनबाई जेवायला उठली तेव्हा काडीत लिंबाच्या कडेचाच रंग भरलेला होता ना.

“साबणाचा फेस आहे हो,” साबणवाला म्हणाला. “त्याच्यावरच मळ दाखवलात तर लोक अंग कशानं धुणार?”

मास्तर पुढे आले. त्यांनी खोकं डोळ्याजवळ नेलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आधी त्यांच्या कपाळावर आठी आली, मग गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी पापणी लवेपर्यंत, आणि मग जमिनीवर काही पडलंय असं बघायला लागले. तेव्हा मला कळलं. चष्मा लावायची गरजच नव्हती. गोल पोट, चोच, पाय. तीन पुरत्या आणि एक बिनपायाची.



“तू पाहिलं नाहीस?” मुलानं बायकोला विचारलं. आवाज चढलेला, परक्या माणसासमोर.

ती पडद्यासमोर बसली आणि चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. मी मागे उभी होते, मला तिची पाठ दिसत होती. पडद्यावर चिमणी आली, एवढी मोठी की पायांची थरथरसुद्धा दिसावी. तिचा हात तसाच हवेत राहिला. आता वळेल, म्हणेल, हे माझं नाही. हजारदा तिनं ती चिमणी प्रूफवर पाहिली होती.

ती वळली, पण माझ्याकडे नाही. साबणवाल्याला म्हणाली, “माझ्याकडून बघायचं राहिलं. मी सगळं पुन्हा करून देते.”

“नको,” तो म्हणाला. “तुमचं काम बघून आलो होतो मी, म्हणून जास्त वाईट वाटतंय. चित्र तेवढं द्या, छपाई दुसरीकडे बघतो. आणि पुढचंही.”

तेव्हा मी गप्प राहिले असते तरी निभावलं असतं. पण मास्तर जमिनीकडे बघत होते, आणि मला वाटलं आता सगळेच बघतील. माझं तोंड सुटलं. “मी केव्हापासून सांगतेय हिला, त्या काडीच्या भरवशावर राहू नकोस म्हणून. हातानं केलेल्या कामात असं होत नाही.”

साबणवाल्यानं मान हलवली, वडीलधाऱ्या बाईचं ऐकावं तशी. सूनबाई तेवढं ऐकून आत पाणी प्यायला गेली.

संध्याकाळी मुलगा तिच्याशी धड बोलला नाही. “बघायचं राहिलं म्हणजे काय गं? तेवढंच तर काम आहे तुझं.” ती पानं वाढत होती. माझ्या पानात वाढताना तिचा हात जराही थांबला नाही. आता सांगेल, मग सांगेल. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर मी भांडले असते, ते मला येतं. हे मला येत नव्हतं.

सकाळी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी गेले. चिमटे उचलून तिला देत राहिले. जन्मात दिले नव्हते.

“तू बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं, आई?”

“की म्हातारीनं केलं.”

तिनं उशीचा अभ्रा झटकला. “मला वाटलं, तुम्ही बोलाल.” आणि मग, अभ्रा दोरीवर सरळ करत, “काल साबणवाल्यासमोर तुम्ही तोंड उघडलंत तेव्हा मला वाटलं, बरं झालं, आता तरी बोलतायत. तर ते दुसरंच निघालं.”

आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं. राग नव्हता. ती माझ्याकडून काही मागतच नव्हती. मी बादली उचलायला गेले तर म्हणाली, “राहू द्या, जड आहे.”

मी लुगडं बदललं, एक खोकं पिशवीत टाकलं आणि एकटीच साबणवाल्याच्या कारखान्यात गेले. त्यानं उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं.

“काम दुसरीकडे देऊ नका,” मी म्हटलं. “सुनेची चूक नाही. ते डाग मी काढलेत. पडदा बंद होता, मला वाटलं काही उमटत नाही.”

त्यानं ऐकून घेतलं आणि हसला. चांगलं हसला, मनापासून. “आजी, माझी आई हयात असती तर तिनंही माझ्या बायकोसाठी असंच केलं असतं. सुनेला वाचवायला एवढ्या लांब आलात.”

“वाचवायला नाही आले. मी केलंय.”

“बरं, बरं. तुम्ही कॉम्प्युटर चालवलात.” त्याच्या समोर बसलेल्या हिशेबनिसालाही हसू आलं. “तुमच्यासारखी सासू मिळायला भाग्य लागतं. जा, काम तुमच्याकडेच ठेवतो. तुमच्या शब्दाखातर.”

झालं होतं काम. उठून घरी यायचं होतं, बस. काम परत मिळालं, वर माझंच नाव मोठं झालं. मी उठलेही. दारापर्यंत गेले.  काल हा माणूस मला वडीलधारी समजला, आज देवमाणूस समजत होता, आणि ती वर गच्चीवर जड बादली एकटी उचलत होती.

मी परत फिरले, त्याच्या टेबलावरचं पेन उचललं आणि मिळेल त्या कागदावर चिमणी काढली. खोकं पिशवीतून काढून शेजारी ठेवलं. “बघा.”

तो बघत राहिला. इकडे, मग तिकडे. हसू हळूहळू गेलं.

“म्हणजे काल मी हे डाग दाखवले तेव्हा तुम्ही तिथेच होतात.”

“होते.”

“आणि जे बोललात ते हे माहीत असून.”

“माहीत असून.”

हिशेबनीस कागद चाळायला लागला. साबणवाल्यानं खोकं माझ्याकडे सरकवलं. आता तो आजी म्हणाला नाही. “काम तुमच्या सुनेकडेच राहील,” तो म्हणाला. “पण पास त्या करतील. तुमचा हात त्यावर लागायला नको.”

“नाही लागणार,” मी म्हटलं. पाणी आलं होतं, ते मी न पिताच निघाले.

छापखान्यात मशीन चालू होतं. मी मुलाला ते बंद करायला लावलं. बंद झाल्यावर एवढी शांतता झाली की बोलायला सुरुवात कुठून करावी ते कळेना. शेवटी सरळ सांगितलं, मुलाला आणि मास्तरांना, तिच्यासमोर. काडी, पडदा, चिमण्या, आणि नंतर जे बोलले ते. मुलगा माझ्याकडे बघेना. मास्तर म्हणाले, “जाऊ द्या वहिनी, होतं असं.”

“तुम्ही तेव्हाच ओळखलं होतं, मास्तर.”

मास्तर हात पुसत राहिले.

 सूनबाईनं चित्रातून एकेक चिमणी काढून टाकली. मी बसले होते तिथून पडदा दिसत होता. काडी फिरत होती आणि फेस पुन्हा पांढरा होत होता. दुपारी नवं प्रूफ निघालं. मास्तर सवयीनं ते घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि मध्येच थांबले, कुठे ठेवावं हे न कळून.

“इथे नाही,” मी म्हटलं. “तिच्याकडे.”

तिनं ते खिडकीपाशी नेलं. बाहेर आभाळ भरून आलं होतं, उजेड पुरेना. ती कागद इकडून तिकडून वळवत होती.

“आई,” ती म्हणाली, मान वर न करता, “तो दिवा जरा इकडे आणता का?”

मी दिवा उचलला, वायर जाईल तिथपर्यंत नेला आणि तिच्या कागदावर धरून उभी राहिले. ती सावकाश बघत होती, वरून खाली, एकेक बुडबुडा. मला रंग दिसत होता. चांगला आला होता. मी काही बोलले नाही. तिचं बघून होईपर्यंत मी तशीच उभी राहिले.